रक्ताला विरजण

मरीमाय माझ्या अंगावर आली असं घरात ठरलं, तेव्हा मला भक्ती वाटली नाही, राग आला. पावसाळा सरता सरता ताप सुरू झाला होता. आधी हुडहुडी भरायची, मग अंग भाजून निघायचं, घामानं गोधडी भिजायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चुलीपुढे. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावात त्या साली घरोघरी हिवताप होता, त्यामुळे माझ्या तापाचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण पुढे ताप उतरेनासाच झाला आणि दंडांवर, पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके उठले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला दारात उजेडाला नेऊन ते ठिपके पाहिले आणि हात जोडले. "आई आल्या," त्या म्हणाल्या.

गोवर-कांजिण्यांना आमच्याकडे आई म्हणतात, आणि आई एकदा घरात आली की तिला औषध चालत नाही. पाहुणीला सुई टोचून हाकलायचं नसतं, असा त्यामागचा भाव. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, सकाळ-संध्याकाळ दहीभाताचा नैवेद्य निघू लागला. बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत मनाई झाली. माझे मालक तालुक्याला नेऊ म्हणाले, तर आत्याबाईंनी त्यांना कोप होईल म्हणून गप्प केलं. माझं माहेर हट्ट्याचं. हट्ट्याची म्हणून हट्टी, असं सासरी मला लग्नापासून चिडवत आले. पण तेव्हा हट्ट करण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तर तीही आईची लाली ठरली. मी पडल्या पडल्या देवीला मनात म्हणत होते, आलीस तर ये बाई, पण मला न्यायला आली असशील तर तसं सांग. ती काहीच बोलली नाही. मग मी तिच्याशी बोलणं सोडून दिलं.

अशात एका दुपारी गल्लीत बांगड्यांची हाक आली. आमची नेहमीची मणेरीण डोंगरकडा गावची, पण हा आवाज तिचा नव्हता. ही जैतूनबी. तिला जायचं होतं भलतीकडेच. जीपवाल्यानं चुकीच्या फाट्यावर उतरवलं म्हणून ती पायी आमच्या गावात शिरली होती. आत्याबाईंनी देवीला हिरवा चुडा बोलला होता. आई माझ्या अंगावर आहे, तर तिचा चुडा माझ्याच हातात भरावा, असा रिवाज त्यांनी तिथल्या तिथे काढला आणि बाहेरच्यांना बंदी असलेल्या घरात स्वतःच जैतूनबीला बोलावून आणलं.

तिनं माझा हात मांडीवर घेतला. तापानं बोटं सुजलेली, त्यात बांगडी चढवताना एक फुटली आणि काच मनगटाला लागली. एवढंसं टोचलं होतं. तिनं पदरानं दाबून धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. बाकीच्या बांगड्या भरून झाल्या, आत्याबाईंनी चहा टाकला, चहा पिऊन झाला, तरी रक्त वाहतच होतं. जैतूनबीचा चेहरा उतरला. आपल्या हातून काही झालं आणि आपल्यावर आळ येणार, ही भीती तिच्या डोळ्यांत मला दिसत होती. दुसरी असती तर टोपली उचलून निघून गेली असती.

"माय, हे रगत थांबना झालंय," ती आत्याबाईंना म्हणाली. "पोरीला दवाखान्यात न्या."

"आई आल्यात. दवाखाना चालत न्हाई."

जैतूनबीनं पदराची घडी बदलून पुन्हा मनगटावर दाबली. मग म्हणाली, "मी काय तुमच्या देवाचं सांगू. पर आई आली असंल, त् आई आपल्या लेकराचं रगत असं सांडू देती का? तुमी सांगा."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, दाराचा डहाळा काढून देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि मालकांना हाक मारली. "बैलगाडी जुंप. काहून हुबा राहिला?" ज्या बाईला गेले कित्येक दिवस घरातलं कुणी हलवू शकलं नव्हतं, तिला एका वाट चुकलेल्या मणेरणीनं हलवलं. जैतूनबी फाट्यापर्यंत गाडीत माझं मनगट दाबून बसली. तिनंच रस्त्यात उभं राहून केळीचा एक ट्रक थांबवला आणि आम्हाला नांदेडच्या वाटेला लावलं. तिचे पैसेही द्यायचे राहिले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठिपके पाहिले, रक्त काढलं आणि सांगितलं की ही गोवर नाही, कांजिण्या नाहीत, हिवतापच आहे, पण जिवावर बेतणारा. त्यांनी थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन खाटेशेजारी उभं ठेवलं. बऱ्याच वेळानं नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. रक्तात ते गोठवणारी प्रथिनं असतात, त्या म्हणाल्या. हा ताप फार चढला की ती आतल्या आत खर्ची पडतात. किती उरली आहेत, त्यावरून ताप किती खोल गेलाय ते कळतं. हिच्यात फारच थोडी उरलीत.

मालकांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. आत्याबाईंना मात्र लगेच कळलं. "म्हंजे दुधात इरजणच उरलं न्हाई म्हना की," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाई वळल्या. "अगदी तसंच," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून आमच्या खाटेपुरता तोच शब्द चालू झाला.

शिरेतून कोयनेल, हिवतापाचं औषध, सुरू झालं. त्यानं माझ्या कानात दिवसभर घंटा वाजायच्या. मी तसं सांगितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "औंढ्याच्या देवळातली असंल, वाजू दे." मग कुणाकुणाच्या रक्तातलं पिवळसर पाणी पिशवीतून मला चढू लागलं. त्यात ती प्रथिनं असतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर आत्याबाईंनी मान डोलावली. घरातलं इरजण संपलं की शेजारून आणावंच लागतं, यात त्यांना काही नवल वाटलं नाही. मला मात्र ती पिशवी बघून भरून यायचं. ज्यांनी ते रक्त दिलं, त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. तिथं मी देवीशी पुन्हा बोलायला लागले. मागितलं काहीच नाही. आता तू बघ, एवढंच म्हटलं.

रोज सकाळी नळी भरली जायची. आत्याबाई तिच्यापाशी अशा बसायच्या, जणू घरचं गाडगं आहे. मी मान वळवून बघू लागले की ओरडायच्या, "सारखं बघू नको, दही लागत न्हाई मग." पहिल्यांदा पाणीच. नंतर तळाशी थोडं दाट, वर पाणी. डॉक्टरबाई तेवढंच कागदावर टिपून पुढच्या खाटेकडे जायच्या. आणि मग एके सकाळी त्यांनी नळी तिरपी केली, आणखी तिरपी केली, पार उलटी धरली. रक्त जागचं हललं नाही.

"लागलं," आत्याबाई म्हणाल्या.

"लागलं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ती नळी उलटीच धरून त्यांनी शेजारच्या खाटांनाही दाखवली. ज्या बाईला माझं दुखणं काय ते ठाऊक नव्हतं, तिनंही टाळी वाजवली. लोकांच्या आनंदावर विरजण पडतं म्हणतात. आमचा सगळा आनंद त्या विरजणातूनच वर आला. दवाखान्यातून मी माझ्या पायांनी चालत बाहेर पडले, आणि गाव दिसल्यावर गाडीतून उतरून चालतच वेशीपर्यंत गेले. तिथं मरीमायच्या ओट्यावर डोकं टेकवलं, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला होता.

तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा झाला तोवर आमच्या गावात जैतूनबी घरची झाली होती. ती त्या दिवशी वाट चुकली नसती तर, असा विचार मी पुष्कळ केला आणि सोडून दिला. आत्याबाईंचं मत पक्कं होतं. आई आलीच होती, म्हणायच्या, फक्त आपण तिला ठिपक्यांत बघत बसलो आणि ती दारातून टोपली घेऊन आली.

मी दवाखान्यातून आल्यावर जैतूनबी पहिल्यांदा आली, तेव्हा अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर जमली. तिनं हिरव्या बांगड्या काढल्या, माझा हात मांडीवर घेतला. शेवटची बांगडी फुटली, काच टोचली, रक्ताचा थेंब वर आला. सगळ्या बाया वाकून बघू लागल्या. मीही बघत होते. जैतूनबीच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं.

आत्याबाई पुढे झाल्या आणि त्यांनी माझं मनगट आपल्या पदराखाली झाकलं. "सारखं उघडून बघू नये," त्या म्हणाल्या. "झाकून ठेवावं अन् आपला हात काढून घ्यावा."

बोलण्यात थोडा वेळ गेला. त्यांनी पदर काढला. थेंब जागच्या जागी लागला होता.