समासातली टीप

आरोग्यसेविकांसाठी आम्ही केलेला प्रशिक्षणाचा पाठ गावोगावच्या सेविकांनी अर्ध्यातच सोडला. दुरुस्तीसाठी फाईल उघडली, तर नेमक्या त्याच जागी समासात देवधरबाईंची जुनी टीप दिसली : "हा भाग नुसता वाचून कळणार नाही. एकदा फोनवर बोलूया का?" खाली माझं उत्तर होतं, "बघतो."

बाई निवृत्त शिक्षिका. त्या मजकूर लिहायच्या, मी त्याचे मोबाईलच्या पडद्यावरचे पाठ करायचो. आठ महिने आमचं सगळं काम अशा टिपांमधूनच चाललं. बोलण्यात वेळ जातो, असं मला वाटायचं. सोबत काम करताना आपण एकमेकांचे शब्द तपासत राहतो आणि त्यामागचं माणूस राहूनच जातं.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा फोन लावला. तो त्यांच्या मुलीने उचलला.

"आई गेली. पंधरा दिवस झाले."

मी एवढंच विचारलं, "बाई बोलायच्या कशा?"

"हळू," ती म्हणाली. "समोरच्याला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायची. कधी कंटाळायची नाही."