घासलेले राणीछाप रुपये

आज तांब्या घासताना चिंचेचा आंबट वास आला आणि आईची काळवंडलेली बोटं आठवली.

बाबा अमरावतीच्या दवाखान्यात होते. ऑपरेशनसाठी आईच्या माहेरचे राणीछाप चांदीचे रुपये विकायचे ठरले. "मळके नेऊ नको," बाबांनी बजावलं. पूजेला घासतात तसे आईने ते चिंच-राखेने लख्ख केले.

अकोल्यात, जठारपेठेतल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "काहून घासले, माय? तो निळा-काळा रंग वर्षानुवर्षं पडून चढते. किंमत त्याचीच होती. आता नुसता चांदीचा भाव." तेवढ्या पैशांत ऑपरेशन होणार नव्हतं.

परतल्यावर बाबांनी विचारलं, "चमकले ना?"

बोटं पदराखाली लपवत आई म्हणाली, "लय चमकले जी."

खरं लपवलं म्हणून तेव्हा मला तिचा राग आला होता. चार दिवसांनी बाबा गेले, तेवढं समाधान घेऊन.