सातारा-सांगली, शेजारच्या जागेवरून

सातारा सोडताना आम्हा नवराबायकोत एक करार झाला होता. सांगलीत सासऱ्यांच्या दारी पोहोचेपर्यंत धक्क्यांपायी सुमतीवर एकदाही गाडीतून उतरायची पाळी आली, तर गाडी विकायची. मी वकील माणूस, पण या कराराला हो म्हणून बसलो होतो आणि ऐन थंडीत मला घाम फुटला होता.

गाडी दोघांपुरती, उघडी, बुटकी आणि पळायला भारी. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. वळणावर ती झुकू नये म्हणून मी हौसेने तिच्या पाट्यांत (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानींत) एकेक जादा पट्टी घालून घेतली होती. तेव्हापासून ती वळणं अशी घ्यायची की मी गुणगुणायला लागायचो. सुमती कंबर धरून बसायची.

उंब्रजपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि गुऱ्हाळांचा गोड धूर. मी खुशीत होतो. कराडला चहा झाल्यावर सुमतीने खाली एक उशी घेतली, पेठ गावाला दुसरी. इस्लामपूर मागे पडलं आणि एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की उशा रस्त्यावर आणि सुमती माझ्या खांद्यावर.

"थांबवा," ती म्हणाली. उतरली, उशा उचलल्या, मागून येणाऱ्या बैलगाडीला हात केला आणि आष्ट्याच्या बाजाराला निघालेल्या बायकांत जाऊन बसली.

गाडी हातची गेली म्हणून माझा जीव तुटत होता, तरी बैलांच्या चालीने मी मागे मागे निघालो. गाडीवानाने वळून विचारलं, "पावनं, मोटार बिगाडली व्हय?"

"मोटार ठणठणीत आहे," उत्तर सुमतीनेच दिलं. "बसणाऱ्यांची हाडं कच्ची आहेत."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गाडीवानाला माझी दया आली असावी. "आष्ट्यात इमाम मिस्त्री हाय. लढाईत मोटारीवर हुता. त्येला दावा एकडाव."

इमाम मिस्त्री पन्नाशीचे, बोलायला कमी. गाडीखाली डोकावून म्हणाले, "पाटं कुनी वाढिवलं?"

"मीच सांगितलं होतं."

"गुळाच्या ढेपा न्यायच्या हुत्या व्हय?"

"नाही. बायकोला न्यायचं होतं."

ते हसले नाहीत. सुमतीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "तितं बसा." मग खांद्यावरच्या रुमालाने माझे डोळे बांधले. "आनि हात मांडीवं. कशाला धरायचं न्हाई." आणि चाक हाती घेऊन त्यांनी गाडी ओढ्याच्या रस्त्याला लावली.

पहिल्याच खड्ड्याला माझे दात वाजले. खड्डा कधी येणार ते कळत नव्हतं, धरायला चाक नव्हतं, वेग माझ्या हातात नव्हता. ओढ्याच्या उतारावर माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबवा."

मिस्त्रींनी गाडी थांबवली. "लढाईत तिकडं मिसर देशात मी जखमी मानसं न्यायचो, सायेब. त्यांच्या शिव्या खाऊन शिकलो. चालविनाऱ्याला गाडी आपटत न्हाई. आपटती ती शेजारच्याला."

मला लाज वाटली. वर्षभर गाडी दारात होती आणि त्या जागेवर मी एकदाही बसून पाहिलं नव्हतं.

दुपारभर काम चाललं. जादा पट्ट्या निघाल्या. उरलेल्या पट्ट्या भट्टीत तापवून मिस्त्रींनी त्यांना नवा बाक दिला, मधे ग्रीस भरलं, वर चामड्याचं आवरण शिवून घेतलं. बैलगाडीतून उतरलेली सुमती मिस्त्रींच्या घरी बायकांत रमली होती. तिथेच आम्हाला जोंधळ्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा (तव्यावर रगडलेल्या हिरव्या मिरच्या) मिळाला. खर्ड्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमतीला वाटलं, मी गाडीसाठी रडतोय.

"वैनी, सांगलीपत्तुर बसून तर बगा," मिस्त्री म्हणाले.

"करार मोडलाय," सुमती म्हणाली.

"गाडी विकू," मी म्हणालो. "पण आज तुझ्या जागेवर बसून मीसुद्धा थांबवा म्हणालो, तेवढं तुला सांगायचं होतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. उशी काखेत मारली आणि गाडीत बसली. "परत घरी पोचेपर्यंत सवलत."

सांगलीत दोन दिवस कृष्णेचा घाट, बाजारातल्या हळदीचा वास आणि सासूबाईंचं झणझणीत भडंग. मेव्हण्याने गाडीला गिऱ्हाईकही आणलं. मी भडंग नुसतं चिवडत राहिलो. सुमती भावाला म्हणाली, "थांब जरा, अजून साताऱ्याला पोचायचंय."

परतताना इस्लामपूरचा तो खड्डा आला. गाडी नुसती मान हलवून पुढे गेली. मी वळणं पूर्वीसारखी सुसाट घेतली नाहीत. का कोण जाणे, त्याचं वाईट वाटलं नाही. साताऱ्याहून निघालो तेव्हा मला गाडी राखायची होती. आता मला एवढंच हवं होतं की शेजारच्या माणसाला हा रस्ता आवडावा.

अतीत गाव मागे पडलं तेव्हा सुमतीचा डोळा लागला होता. साताऱ्यात आमचं घर आलं, ब्रेकवर गेलेला पाय मी उचलला आणि अलगद पुढे कोरेगावच्या रस्त्याला लागलो. मैलभर गेल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, "घर मागे गेलं."

"हो."

"मग इतकी हळू का चालवताय?"