अक्काचं स्विस घड्याळ

तापी आणि गिरणा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माझ्या आत्याला फसवू शकलेला माणूस एकच आहे, आणि दुर्दैवाने तो मी आहे. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणतो. पाचोऱ्याच्या एका शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि उदाहरणातली चूक व बाजारातली भेसळ या दोन्ही गोष्टी तिने कायम एकाच लाल शाईने खोडल्या. हिंग घ्यायला गेली की खडा दुकानातच काडी ओढून जाळून बघते. सुती साडी घेताना पदराचा एक धागा काढते, तो पेटवते, राख बोटांत चोळते, वास घेते आणि मग भाव विचारते. तिथल्या साडीवाल्याने आता गादीशेजारी काडेपेटीच ठेवली आहे. भडगावला एका लग्नात भरल्या पंगतीत तिने आमरसाची वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि आचाऱ्याला बोलावून घेतलं. "यात आंबा किती आणि पपई किती?" आचारी म्हणाला, "आंबाच आहे, अक्का." अक्का म्हणाली, "मी प्रमाण विचारलं." आचाऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात प्रमाण सांगितलं. त्यावर अक्काने वाटीभर रस आवडीने संपवला. तिचा राग पपईवर नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

माणसांच्या बोलण्यालाही ती हाच न्याय लावते. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने निरोप समारंभ ठेवला होता. एक पाहुणे भाषणात म्हणाले की, अक्का अत्यंत शांत स्वभावाच्या आहेत. अक्का खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "हे चुकीचं आहे. दुरुस्त करा." पाहुण्यांनी दुरुस्त केलं. सभागृहात जेवढे माजी विद्यार्थी होते तेवढ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण जवळपास प्रत्येकाचा कान तिने कधी ना कधी पिळलेला होता.

तर अशा बाईसमोर मी माझा डावा हात पुढे केला, त्याची ही गोष्ट. माझं धुळ्याला शेतीच्या पंपांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. धंद्यात समोरच्यावर छाप पडावी लागते, असं मला वाटायचं. सुरतेला मालासाठी गेलो असताना एका जिन्यावरच्या खोलीत मला एक स्विस घड्याळ दिसलं, म्हणजे स्विस घड्याळाची नक्कल, जिला बाजारात फर्स्ट कॉपी म्हणतात. वजनदार, चकचकीत. मी ते घेतलं आणि लोकांना सांगितलं की दुबईच्या मित्राने आणून दिलं. गिऱ्हाईकं मनगटाकडे बघायची, मी बाही थोडी मागे सारायचो. असं वर्षभर छान चाललं.

मग धुळ्यालाच आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात अक्काने माझं मनगट धरलं. "हे काय घातलंस?"

"घड्याळ, अक्का. स्विस आहे."

"खरं?"

मी "हो" म्हणालो. तिने माझा हात उन्हाकडे वळवला आणि सेकंदकाट्याकडे बघत राहिली. "उड्या मारत नाही हा," ती म्हणाली. "सरकतो. किती छान सरकतो." एखादं अवघड उदाहरण पोरांनी सोप्या रीतीने सोडवलं की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. तिच्या पिशवीत कायम एक भिंग असतं. ते तिने त्या दिवशी बाहेर काढलं नाही.

महिन्याभराने तिचा फोन आला. तिला तसंच घड्याळ घ्यायचं होतं. पैसे तिचे होते, आणि त्याबद्दल तिला काही विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. पण सल्ला द्यायला सगळे जमले. माझी बायको म्हणाली, "अक्का, एवढं महागाचं कशाला? हल्ली कॉपी मिळते. कुणाला ओळखू येत नाही."

"कुणाला ओळखू येत नाही म्हणजे ती कॉपी त्या कुणासाठी आहे," अक्का म्हणाली. "मला माझ्यासाठी हवंय."

"पण वेळ तर दोन्हींत एकच दिसते ना?"

"दिसते. वेळ बघायला माझं चावीचं घड्याळ आहे." मग ती जरा थांबली. "मी जन्मभर टिकेल असं घेतलं. चप्पल टिकेल अशी, साडी टिकेल अशी, भांडं टिकेल असं. उत्तम असं एकही घेतलं नाही. एक घ्यायचंय." आणि अक्काने मला जाणकार म्हणून सोबत नेमून टाकलं.

पुढचे सहा महिने तिने घड्याळाचा अभ्यास केला, आणि तिचा अभ्यास म्हणजे पाठांतर धरून. चाकं किती, आत बसवलेले माणकाचे खडे किती, पाणी किती खोलीपर्यंत चालतं, हमीच्या कागदावर काय काय लिहिलेलं असायला हवं, सगळं एका वहीत. सकाळी सात वाजता फोन यायचा. "तुझ्या घड्याळाचा क्रमांक सांग रे, ताडून बघते." मी सांगायचो, अक्का, आंघोळीला चाललोय. त्या सहा महिन्यांत मी इतक्या आंघोळी सांगितल्या की एकदा ती म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुझी?" जळगावला जायचं झालं तर मी पाचोऱ्याकडे फिरकायचो नाही. खरं सांगून टाकावं असं रोज ठरवायचो. पण माझ्याशी बोलताना तिच्या आवाजात जो एक बरोबरीचा सूर आला होता, तो मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता आणि तो सोडवत नव्हता.

शेवटी इंदूरच्या अधिकृत दुकानात जायचं ठरलं. अक्का आदल्या दिवशी धुळ्याला आली आणि पहाटे आम्ही माझ्या गाडीने निघालो. सोनगीरला चहाला थांबलो. समोर किल्ल्यावर ऊन चढत होतं आणि मी मनाशी म्हणालो, इथेच सांगायचं. पण अक्का शेजारच्या तांब्या-पितळेच्या दुकानात शिरली होती आणि एकेक हंडा टिचकीने वाजवून बघत होती. ती परत आली तोवर माझा चहाही संपला आणि धीरही.

इंदूरचं दुकान थंडगार होतं. काचेचं दार उघडायला माणूस, आत काळ्या कोटातला विक्रेता. अक्का नऊवारीच्या जमान्यातली नाही, पण सुती पातळ, रबरी चप्पल आणि कापडी पिशवी एवढा तिचा थाट. तरी विक्रेता अदबीने वागला. पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि अक्काने वही उघडून सांगितलं तेच घड्याळ मखमली तबकात घेऊन आला. तबक ठेवताना त्याची नजर काचेवर टेकलेल्या माझ्या मनगटाकडे गेली. दोन क्षण तिथे थांबली. तो हसला नाही, पण त्याचा चेहरा बदलला. त्याने तबक अलगद उचललं. "माताजी, यह पीस अभी किसी और के लिए रखा है. आपको कुछ छोटे मॉडल दिखा देता हूँ."

"अभी तो लाया था," अक्का म्हणाली. "अभी क्या हुआ?"

"कुछ नहीं, माताजी."

"कुछ तो देखा तुमने." छत्तीस-चाळीस पोरांच्या वर्गात कोण कॉपी करतंय हे फळ्याकडे तोंड करून ओळखणारी ही बाई. "क्या देखा, बोलो."

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. तो सभ्य माणूस होता, माझी लाज त्याने माझ्याच हातात ठेवली. मला तिथून सरळ गाडीत जाऊन बसता आलं असतं. पण अक्का त्या खुर्चीच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि सहा महिने ज्याची वाट बघितली ती वस्तू तिच्यासमोरून माझ्यामुळे उचलली गेली होती. मी घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "माझं नकली आहे, अक्का. सुरतेचं. यांना वाटलं आपण उगाच टाइमपास करायला आलोय."

अक्काने ते घड्याळ हातात घेतलं. पिशवीतून भिंग काढलं आणि पहिल्यांदाच त्याच्यावर धरलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्यापुढे सरकवून ती विक्रेत्याला म्हणाली, "यह इसका है. मैं मेरा लेने आयी. लाओ." त्याने तबक परत आणलं. पुढचे दोन तास तिने वहीतला प्रत्येक मुद्दा तपासला, दोन प्रश्नांना त्याला आतून मोठ्या साहेबांना बोलवावं लागलं, आणि तिने ते पुरुषांचंच घड्याळ घेतलं, कारण बायकांच्या घड्याळाची तबकडी तिच्या मते दिसण्यासाठी असते, बघण्यासाठी नसते. निघताना विक्रेत्याने वाकून नमस्कार केला, आणि तो मनापासून होता.

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. सेंधवा गेलं, घाट उतरलो, शिरपूर गेलं. तापीच्या पुलावर आलो तेव्हा तिने तोंड उघडलं. ती एरवी शुद्ध बोलते. फार लागलं तरच अहिराणीत येते. "तू माले काबरं सांगं नही?"

"लाज वाटली, अक्का."

"मांडवात मी भिंग काढलं नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "घरच्या माणसाच्या वस्तूला मी भिंग लावत नाही." आणि मग, नरडाणा यायच्या आत, तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला खरी भीती होती. "दुकानात माल कसा आहे?"

"खरा आहे."

"सगळा?"

मी उत्तर द्यायला जितका वेळ घेतला तितक्यात तिला उत्तर मिळालं. एक खोकं होतं. पंपात पाणी गळू नये म्हणून जे सील बसवतात त्याचं. नव्या पुरवठादाराने पाठवलेलं, कंपनीच्या नावाचं, पण छपाई मला जरा वेगळी वाटली होती. शंका आली होती आणि मी ती तपासली नव्हती. त्यातले चार सील विकले गेले होते.

दुसऱ्या दिवशी अक्का पाचोऱ्याला गेली नाही. तीन दिवस माझ्या दुकानात स्टुलावर बसून तिने फळीवरचं खोकं न् खोकं भिंगाखाली घातलं. माल सगळा खरा निघाला, त्या एका खोक्याशिवाय. कंपनीच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही ते सील नेलेल्या चार शेतकऱ्यांकडे गेलो. सोनगीरजवळच्या मळ्यात एकजण पंप चालू ठेवूनच बाहेर आला. मी सील बदलायला आलोय म्हटल्यावर तो गोंधळला. "चालू शे ना भाऊ. कसाले बदली राहिनात?"

मी अक्काकडे बघितलं. ती विहिरीच्या काठावर उभी होती आणि माझ्या मदतीला यायचं तिच्या मनात नव्हतं. मग मीच सांगितलं की दिलेलं सील नकली होतं, मला शंका होती आणि तरी मी दिलं. तो माणूस पंप बंद करायला गेला. चौघांपैकी एक जण मला घालूनपाडून बोलला आणि पुन्हा दुकानात आला नाही. बाकीचे तिघे अजून येतात.

घड्याळ मी नदीत फेकणार होतो. अक्का म्हणाली, "चालतंय ना? मग घाल. कुणी विचारलं तर काय आहे ते सांग." म्हणून ते मी आजही घालतो. गिऱ्हाईकाने विचारलं, "भाऊ, हाई खरं शे का?" की मी म्हणतो, "नाही, सुरतची कॉपी." पहिल्या दोन महिन्यांत हे वाक्य बोलण्याआधी मी बाही पुढे ओढायचो. आता गिऱ्हाईक हसतं, मी हसतो, आणि मग ते सीलबद्दल विचारतं आणि मी सांगेन त्यावर विश्वास ठेवतं.

अक्काच्या घड्याळाची मात्र वेगळीच तऱ्हा झाली. निवृत्त मास्तरीण, कापडी पिशवी, मनगटावर पुरुषी स्विस घड्याळ. पाचोऱ्यात ते खरं असेल असं एकाही माणसाच्या मनात आलं नाही. भाजीवाली म्हणते, "अक्का, घडी भारी शे. मन्हा जावईनी बी अशीच लयेल शे, बजारमाईन." अक्का म्हणते, "हो का? छान." आणि कोथिंबिरीची जुडी निवडत राहते. एकदा मी न राहवून मध्ये बोललो, तर तिने मला गप्प केलं. घरी आल्यावर म्हणाली, "तिने मला खरं की खोटं असं विचारलं का? विचारलं असतं तर सांगितलं असतं." ती घड्याळ घालूनच भांडी घासते, कुंड्यांना पाणी घालते, गल्लीतल्या मुलींना फुकट भूमिती शिकवते. कपाटात ठेवायला मी उत्तम घेतलेलं नाही, असं तिचं म्हणणं.

दुपारी जेवण झालं की ती ओसरीवर आरामखुर्चीत बसते आणि काट्याकडे बघते. मी गेलो तर शेजारी बसतो. काटा सरकत असतो.

त्या घड्याळाच्या पट्ट्याला पोलादी कड्या आहेत. घेतलं तेव्हा तो तिला नेमका बसला होता. मागच्या दिवाळीत मी बघितलं तर घड्याळ तिच्या बारीक झालेल्या हातावर कोपराकडे घसरत होतं. जळगावच्या एका जुन्या घड्याळजीकडे नेऊन आम्ही एक कडी काढून घेतली. उन्हाळ्यात दुसरी काढली. घड्याळजी म्हणाला, आता एवढ्यात काढावी लागणार नाही. अक्काने हात हलवून बघितला, समाधानाने मान डोलावली आणि काढलेली कडी माझ्या खिशात टाकली. मी तिला पाचोऱ्याला सोडलं. दोन दिवसांपूर्वी ती जाळीचं दार उघडायला आली तेव्हा एका हाताने दाराची कडी काढत होती आणि दुसऱ्या हाताने त्या मनगटावरचं घड्याळ धरून ठेवत होती. पट्टा कमी करायला जळगावला जाऊ या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आज राहू दे. आज जेव."