देशांना मान नसतो म्हणे

"देशांना मान-बिन काही नसतो. देशांना फक्त हितसंबंध असतात." हे मला ज्या माणसाने सुनावलं, त्याच्या पणजोबांची खुर्ची संस्थानच्या दरबारात कितवी होती, हे आमच्या विभागातल्या शिपायालासुद्धा तोंडपाठ आहे. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी बडोद्याबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएच.डी. करत होते आणि हा माणूस माझा मार्गदर्शक, शिवाय विभागप्रमुख. आमच्या पुस्तकांत देश म्हणजे पक्के व्यापारी. नफा दिसला की पुढे, तोटा दिसला की मागे. मला ते कधी पटलंच नाही. समाजशास्त्र सांगतं की माणूस चारचौघांतली आपली जागा जपतो, बोलावलं नाही तर रुसतो, अपमान झाला तर स्वतःचं नुकसान करून घेईल पण वाकणार नाही. हेच देशांना लावून बघायचं, असा माझा विषय. विमानाच्या शिडीपाशी पाहुण्याला घ्यायला पंतप्रधान गेले की एखादा किरकोळ मंत्री, फोटोत कोणाला कडेला उभं केलं, यावरून देश वर्षानुवर्षं धुमसतात. बसवून दाखवा म्हणावं हे नफ्याच्या हिशेबात!

आणि हे मला ग्रंथालयात नाही, गोत्रीतल्या आमच्या दोन खोल्यांत सापडलं. बाबा बाजव्याकडच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. ते निवृत्त झाले त्याच दिवशी दोन अधिकारीही निवृत्त झाले. त्या दोघांच्या खांद्यांवर मोठ्या साहेबांनी स्टेजवर शाल घातली. बाबांचं नाव पुकारेपर्यंत साहेब निघून गेले होते. टेबलामागच्या कारकुनाने प्लॅस्टिकच्या पिशवीतली शाल तशीच बाबांच्या हातात कोंबली. "ल्यो, काका." एवढाच सत्कार.

पिशवी कपाटात गेली ती गेली. निवृत्तांचा दरवर्षी मेळावा असतो. जेवण असतं, डोळ्यांची तपासणी फुकट असते, जुने सोबती भेटतात. बाबांचा मोतीबिंदू वाढत चाललाय, पण ते एकदाही गेले नाहीत. आता सांगा, कुठे गेले हितसंबंध? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यातूनच निघालं. अर्थात त्यात बाबा नव्हते, देश होते.

ते प्रकरण सरांनी दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा समासात "सरस" असं लिहिलं होतं. मग विभागात एक चर्चासत्र झालं आणि मी माती खाल्ली.

पाहुण्यांना शाल देण्याचं काम माझ्याकडे होतं. यादी कोणी दिली नव्हती, म्हणून घरी शिकवलंय तसं केलं, वयाने मोठ्याला आधी. समाजशास्त्राच्या एक निवृत्त बाई रिक्षाने, काठी टेकत आल्या होत्या. पहिलं नाव त्यांचं पुकारलं, दुसरं सरांचं. सरांनी शाल घेतली, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाई बिचाऱ्या खूश होऊन घरी गेल्या.

महिन्याभराने समितीपुढे माझं सादरीकरण झालं. तेच प्रकरण, त्याच ओळी. सर म्हणाले, "हे आपल्या विषयात बसत नाही. समाजशास्त्रात जा." आणि वर ते मघाचं वाक्य. समितीतले बाकीचे चहाच्या कपात बघत बसले. सरांची सही महिनाअखेरीपर्यंत झाली नाही तर माझी नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. अहो, देशांना मान नसतो, मग तुमचा एवढा कुठून आला? हे मी मनात म्हटलं. तोंडातून फक्त "हो सर" निघालं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

घरी बाबा म्हणाले, "जा, माफी माग."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल ते मरू दे. शाल-नारळ घेऊन जा." त्यांनी कपाट उघडलं आणि तीच पिशवी काढली.

"ही नाही हं बाबा! मी बाजारातून आणते."

"कोरीच आहे की. माझ्या काय कामाची?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पिशवीवरची धूळ पुसली. "तुझी सही झाली म्हणजे कामी आली."

मी भांडले, रडले आणि शेवटी पिशवी घेऊन निघाले.

मे महिन्यातली दुपार होती. हरणीला सरांच्या घरी पोहोचले तेव्हा सर झोपाळ्यावर बसले होते. "बेसो, बेसो," म्हणाले. मी वाकले, माफी मागितली, शाल-नारळ दिला. स्वारी एकदम खुलली. पिशवी उघडलीही नाही. कोपऱ्यात अशाच पाचसहा पिशव्या पडल्या होत्या, तिथे फेकली. मग पेन काढलं. "सही करतो. फक्त ते तिसरं प्रकरण काढून टाक. देशांना मान-बिन काही नसतो, सांगितलंय ना?"

माझ्या डोळ्यांसमोर त्या कारकुनाचा हात आला. मी उठले, कोपऱ्यात गेले आणि आमची पिशवी उचलली.

"अगं, हे काय? दिलेली शाल कोणी परत नेतं का?"

"नाही नेत सर. माहितीये मला. नारळ राहू द्या."

"बेअक्कल! परत विभागात पाऊल टाकू नकोस!" ते झोपाळ्यावरून उठून ओरडत होते. मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. आता मी बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. पाच वर्षं गेली त्याचा राग जात नाही, आणि जाऊही नये.

पण त्या दुपारी घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते. "झाली सही?"

"नाही."

त्यांचा चेहरा पडला. मी दातांनी पिशवी फाडली, शाल झटकली आणि त्यांच्या खांद्यांवर नीट पांघरली. मग वाकून नमस्कार केला.

"वेडी का काय तू? केवढं उकडतंय!" बाबा म्हणाले. पण शाल काढली नाही. पंख्याखाली खुर्चीत ताठ बसून राहिले. संध्याकाळी शेजारचे काका डोकावले, उन्हाळ्यात शाल बघून घाबरले. "शुं थयुं? ताव आव्यो?"

"ना रे ना," बाबा म्हणाले. "आजे मारो सत्कार हतो."