बेचाळिसावी चिठ्ठी

भूतबाधा, अंगात येणं, असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ भांडी घासायला उठते. आजही उठते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून लिहिते...

मी केंदूरची. शिरूरजवळच्या एका छोट्या कंपनीत एकोणीस वर्षं कँटीन सांभाळते. सगळे मावशी म्हणतात. फक्त स्टोअरचे आबा 'काशीबाई' म्हणायचे. मला लिहायला त्यांनीच शिकवलं — जेवणाच्या सुट्टीत, मेनूच्या फळ्यावर. ते 'गोष्ट'ऐवजी 'गोश्ट' लिहायचे, म्हणून मीही तसंच गिरवलं. चूक आहे हे नातीनं परवा सांगितलं. मेनूखाली मी रोज 'आजची गोश्ट' म्हणून एक गमतीची ओळ लिहायची. आबा म्हणायचे, "काशीबाई, एकदा माईकवर बोला की." मागच्या पावसाळ्यात आबा वारले.

डिसेंबरात वर्षअखेरची पार्टी ठरली. शिरूरकडच्यांना ऑर्केस्ट्रा पाहिजे, दौंडच्या बसनं येणाऱ्यांना डीजे. आठवडाभर नुसती भांडणं. शेवटी एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनी चिठ्ठ्या टाका. मी एक उचलणार, निघेल ते फायनल."

माणसं एक्केचाळीस. जुन्या कॅलेंडरच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या मीच फाडल्या, मीच वाटल्या. स्वतः टाकली नाही — मी ठेकेदाराची, कंपनीची नाही.

भर दुपारी, सगळ्यांसमोर मॅडमनी डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली — 'काशीबाईंच्या गोश्टी'.

"काशीबाई कोण?" मॅडमनी विचारलं.

"आपल्या मावशी की," वरवंडचा पोपट फिटर म्हणाला. "काय मावशी, सोताचंच नाव टाकलं व्हय? सरळ मागायचं ना, आम्ही न्हाई म्हणलो असतो का?"

"मी न्हाई टाकली रं."

"मग हा 'गोश्टी' कुणाचा? फळ्यावर रोज बघतोय आम्ही."

सगळे हसले. मला हसू येईना. एकोणीस वर्षांत कँटीनचा चमचा घरी नेला नाही, आन् एवढ्याशा कागदावरून खोटारडी ठरले. मी डबा टेबलावर उपडा केला. मॅडमनी मोजल्या. डब्यात एक्केचाळीस, त्यांच्या हातातली बेचाळिसावी. कागद त्याच कॅलेंडरचा. अक्षर... माझं म्हणाल तर माझं, आबांचं म्हणाल तर आबांचं. ज्यांचं बघून गिरवलं, त्यांच्यापेक्षा वेगळं कसं असणार?

आबांचं नाव मी तिथं काढलं नाही. कोण ऐकणार होतं?

पार्टीत तासभर बोलले. दौंडवालेसुद्धा हसले. स्टेजवरून उतरल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, आता तरी खरं सांगा. तुम्हीच ना?"

ती चिठ्ठी कुणी टाकली, हे मला आजही सांगता येणार नाही. पण उत्तर तर द्यायचं होतं.

"व्हय, मीच," म्हणाले.

त्या कंपनीत मी आजवर एवढंच खोटं बोलले — आणि तेवढ्यावरच सगळ्यांचा विश्वास बसला.