मखमलाबादला ठेवलेलं प्रस्थान

आधीच सांगून टाकते — मांजर आडवं गेलं तर मी फक्त मांजर चाकाखाली आलं नाही ना, एवढंच बघते. शकुन-अपशकुन, नजर, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही. नाशिकमधल्या एका शाळेत गणित शिकवते आणि शाळेचं वेळापत्रकही वर्षानुवर्षं मीच लावते. त्यामुळे जी गोष्ट चौकटीत बसत नाही तिच्यावर माझा रागच असतो. गेल्या दसऱ्यानंतर आमच्याकडे जे घडलं ते मी सगळ्या बाजूंनी चौकटीत बसवून पाहिलं. बसत नाही. म्हणून इथे लिहितेय, तुम्हीच बघा.

माझा नवरा प्रमोद ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाला. तिथे त्याच्या टेबलासमोर कुणीतरी एक परदेशी कॅलेंडर लावलं होतं — पांढऱ्या दगडाची गावं आणि खाली निळाशार समुद्र. वर्ष संपलं तरी ते पान त्याने काढू दिलं नाही. तो एड्रियाटिक समुद्राचा किनारा, क्रोएशियातला. निवृत्तीनंतर तिथे जायचं हे ठरलेलंच होतं. मध्येच त्याची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल, पण सावकाश." गाडी चालवायला मात्र त्यांनी त्याला मनाई केली.

म्हणजे गाडी मी चालवणार. आणि प्लॅनही मीच करणार, हे ओघानं आलंच. ऑक्टोबर धरला — तिकडे शरद ऋतू, गर्दी ओसरलेली, ऊन सौम्य. उत्तरेकडून, रोविन्यपासून सुरुवात, मग झादर, स्प्लिट, पेल्येशात्सचे द्राक्षमळे आणि शेवट डुब्रोव्हनिक. तिथेच भाड्याची गाडी सोडायची आणि विमानात बसायचं. रोज नवं गाव! तक्ता असा देखणा झाला होता की मी तो फ्रिजवर लावला.

प्रमोदने तो चहा पिता पिता वाचला. म्हणाला, "ही सहल आहे की ऑफ तासांचं नियोजन?"

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"एका गावी दोन रात्री राहू या. सकाळी उठून नुसतं बसायलाही वेळ पाहिजे ना. आणि डुब्रोव्हनिकला गाडी सोडायची नाही, तिथून—"

"दोन-दोन रात्री म्हटलं तर सुट्टी पुरेल का माझी?" मी म्हटलं, आणि विषय तिथेच संपवला. त्याच्या 'तिथून'च्या पुढचं मी ऐकलंच नाही. भांडण नाही हो, आमच्याकडे अशीच मीटिंग होते.

आता कुसुमआत्या. प्रमोदच्या वडिलांची धाकटी बहीण. राहते मखमलाबादला, द्राक्षाच्या मळ्यात. गळ्यात माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे वणीचा गड. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, "निघायचा मुहूर्त कोणता?"

मी म्हटलं, "आत्या, विमानाचा मुहूर्त कंपनी ठरवते."

"मंग आज प्रस्थान ठेवा. आज दसरा हाय, मुहूर्त बघायचं कामच नाय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — पूर्वी मुहूर्त आधीचा आणि निघणं नंतरचं असलं, की मुहूर्तावर अंगावरचा एखादा कपडा, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधून प्रवासाच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवत. म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग जाताना ते उचलायचं. प्रमोदने लगेच मोबाइलवर होकायंत्र काढलं. आमचं घर इंदिरानगरला, तिथून क्रोएशिया वायव्येला आणि मखमलाबादही साधारण वायव्येलाच. आत्या म्हणाली, "बघ, यंत्रबी हो म्हणू राहिलं." मला हसू आलं. पण म्हातारीचं मन मोडून काय मिळणार होतं?

आम्ही दोघं ट्रिपसाठी घेतलेले नवे कपडे त्या दिवशी पहिल्यांदाच घालून गेलो होतो. त्याचा निळा चौकडीचा शर्ट, माझा गडद मरून सुती कुर्ता. आत्याने ते उतरवून घेतले आणि आम्हाला घरातलं काहीबाही घालायला दिलं. मी तिच्या गाऊनमध्ये गाडी चालवत घरी आले, हे शाळेत कुणाला सांगू नका. कपड्यांत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपट्याचं पान ठेवून तिने पांढऱ्या फडक्यात गाठोडं बांधलं, आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या फडताळात ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

आमची बॅग भरून झाली तेव्हा प्रमोदला ताप आला. डेंग्यू. विमान आमच्याशिवाय गेलं आणि आम्ही हॉस्पिटलमध्ये. साधा डेंग्यू असता तर एवढं नव्हतं. पण स्टेंटमुळे त्याला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. प्लेटलेट्स घसरलेल्या असताना त्या चालू ठेवाव्यात तर रक्तस्रावाची भीती, बंद कराव्यात तर स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं. मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले. पुण्याहून लेक आली, तिने मला उठवलं.

प्रस्थानबिस्थान कुणाच्या डोक्यात राहतं? पण विमान गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी आत्याचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग म्हणाली, "वैशाली, त्या गाठोड्यात राळ ठेवली व्हती का तू?"

"राळ?"

"फडताळ उघडलं तर राळंचा वास येऊ राहिला. धूप जाळल्यावानी."

म्हटलं, नसेल काही. त्याच्या पुढच्या सकाळीही राळच. मग तिसऱ्या सकाळी — "आज राळ नाय. आज मिठाच्या पोत्याचा वास हाय. खारा... ओलसर." तो वासही दोन सकाळी. आणि त्यानंतरचा फोन तर तिने चिडूनच केला. "माझ्या फडताळात मासे भाजू राहिलं कुणीतरी! देवघर लागून हाय गं बाई!"

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मला एकदम आमचा फ्रिज आठवला. रोविन्य — समुद्रापर्यंत उतरलेली पाइनची झाडं. पाइन म्हणजे राळच. झादर — आसपास मिठागरं. स्प्लिट — बंदरावर भाजलेले मासे. हे सगळं मी प्लॅन करताना वाचलं होतं, आत्याला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. क्रम बरोबर होता. चुकत होता तो वेग. माझ्या तक्त्यात एका गावी एकच रात्र होती. हे गाठोडं सगळीकडे दोन-दोन रात्री राहत होतं.

खरं सांगते, भीती नाही वाटली. प्रचंड कुतूहल वाटलं. मनात आलं, पुढचं तर द्राक्षमळे... आणि मासे दोन सकाळी झाल्यावर आत्याचा फोन यायच्या आधीच लेकीला बसवून मी मखमलाबाद गाठलं.

आत्याने माझ्यासमोर कुलूप काढलं. फडताळाचं दार उघडताच पिकलेल्या, चिरडलेल्या, आंबायला लागलेल्या द्राक्षांचा वास खोलीभर झाला. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते — ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे द्राक्षाची छाटणी असते. वेलीवर पान राहत नाही, मग घड कुठला? आमची द्राक्षं पिकतात थंडी सरता सरता. बाहेर मळाभर उघड्या काड्या आणि त्यांचे डोळे फुटावेत म्हणून लावलेल्या पेस्टचा उग्र वास. मी आत-बाहेर चार फेऱ्या मारल्या. बेदाण्याची बरणी आहे का विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे ते पाहिलं, फडताळाची पाठ ठोकून पाहिली.

"जन्म गेला माझा द्राक्षात," आत्या म्हणाली. "हा तोडणीचा वास हाय. आन् आपल्याकडं तोडणीला लय टाइम हाय."

मी गाठोड्याला हात लावणार होते. तिने अडवलं. "गेलेलं माणूस असं अर्ध्या वाटेवरून खेचीत नसतात. परत आलं की सोडू."

ते ऐकून मात्र मी तडक हॉस्पिटलला निघाले. कारण इकडे प्रमोदच्या छातीत इन्फेक्शन झालं होतं. गोळ्या बंद होत्या, ऑक्सिजन चालू होता. द्राक्षांच्याही दोन सकाळी झाल्या आणि पुढच्या दिवशी फोनवर आत्याचा आवाज उतरलेला होता.

"आज काय नाय गं. नुसतं फडकं हाय."

"नीट बघितलंत?"

"नाक लावून बघितलं. काईच नाय."

डुब्रोव्हनिक. माझ्या प्लॅनमध्ये तिथे रस्ता संपत होता. आणि त्याच सकाळी डॉक्टर म्हणाले होते की आजचा दिवस काळजीचा आहे. मी गणिताची बाई, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळत होतं. तरी भेटीच्या वेळेआधीच मी दाराशी जाऊन उभी राहिले. मला आत सोडलं तेव्हा प्रमोद जागा होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आम्ही कुणीच बोललो नव्हतो. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "तुझ्या प्लॅनमध्ये डुब्रोव्हनिकनंतर काय होतं रे?"

त्याने मास्कमधूनच माझ्याकडे पाहिलं. या बाईला आत्ता हे काय सुचलंय, असं.

"परत यायचं," तो म्हणाला. "त्याच रस्त्याने."

"त्याच रस्त्याने कशाला?"

पण त्याचा डोळा लागला होता.

दुसऱ्या सकाळीही कसलाच वास नव्हता. तिसऱ्या सकाळी मी फोन हातात धरूनच बसले होते. आत्याने तब्येतसुद्धा विचारली नाही. "द्राक्षं," ती म्हणाली. "परत द्राक्षं येऊ राहिली गं."

मी बाकावरच रडले, या वेळी लपून नाही. द्राक्षांनंतर मासे आले, माशांनंतर मीठ. प्रमोदच्या प्लेटलेट्स चढत गेल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मास्क निघाला. हे औषधांनी झालं, डॉक्टरांनी झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी फक्त सोबत काय घडत होतं ते सांगतेय. शेवटी पुन्हा राळेचा वास आला, आणि ज्या सकाळी तोही गेला त्या सकाळी आम्हाला डिस्चार्ज मिळाला. प्रमोद म्हणाला, "घरी नंतर जाऊ. आधी आत्याकडे. भूक लागलीय."

आत्याने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोटभर जेवू घातलं आणि मग गाठोडं आणून आमच्यासमोर ठेवलं. "सोडा आता. आला तुम्ही."

गाठ मीच सोडली. तांदूळ कोरडे, सुपारी, हळकुंड, आपट्याचं वाळलेलं पान, सगळं जागच्या जागी. पांढरं फडकं जसंच्या तसं. मी प्रमोदचा शर्ट झटकून उलगडला आणि थांबले. उजवी बाही विटली होती. खांद्यापासून मनगटापर्यंत, उन्हात वाळत राहिलेल्या कपड्यासारखी. डावी बाही नवीकोरी. मग माझा कुर्ता उलगडला. त्याची डावी बाही विटलेली, आणि उजवी गडद मरून. एकदाच घातलेले कपडे, ते एकाच फडक्यात, कुलपाच्या आड, अंधारात होते. मी दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. एकाची उजवी आणि दुसऱ्याची डावी... याला काय नियम लावायचा?

तेव्हा मी प्रमोदला सगळं सांगितलं. वास, दोन-दोन सकाळी, रिकामं फडकं. मग त्याने दोन ताटं ओढली. ह्या आपल्या दोघांच्या सीट, म्हणाला. "तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून जाते, स्टिअरिंग डावीकडे. तू डाव्या सीटवर, मी उजव्या. उत्तरेकडून खाली जाताना समुद्र उजव्या हाताला, ऊनही तिकडूनच. म्हणजे माझ्या खिडकीत."

"मग?"

"तू चालवणार. घाटाचा रस्ता, तुझी नजर पुढे. समुद्र सगळा मीच बघणार. म्हणून मला त्याच रस्त्याने परत यायचं होतं. येताना तो डाव्या हाताला येतो... तुझ्या खिडकीत. हेच सांगत होतो तुला तेव्हा. तू सुट्टी मोजत होतीस."

मी कुर्त्याची ती विटलेली बाही हातात धरून बसले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला आवडतेस वगैरे कधी म्हटलेलं नाही, आणि माझ्या खिडकीचा विचार मात्र करून ठेवला होता.

"नवऱ्याला अरे-तुरे करती आन् त्याचं ऐकत नाय," आत्याने ताटं उचलता उचलता मला ऐकवलंच.

यंदा ऑक्टोबरची तिकिटं काढली आहेत. फ्रिजवरचा जुना तक्ता मी काढून टाकलाय. प्रत्येक गावी दोन रात्री, आणि परत त्याच रस्त्याने. शाळेकडे बिनपगारी रजा मागितली, मिळाली. परवा आत्याला विचारलं, या वेळी प्रस्थान कधी ठेवायचं? ती म्हणाली, "आता कशाला? वाट माहीत हाय तुम्हाला."

ते कपडे मी कापडातलं कळणाऱ्या एका बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, ऊन आहे, दुसरं काही नाही. कुलपाच्या आत ऊन कुठून आलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी प्रत्येक शक्यता तपासून बघणारी आहे. तोवर तोच कुर्ता बॅगेत सगळ्यात वर ठेवलाय. येताना माझ्या बाजूची काच खाली ठेवणार आहे.